तपासणीआधीचे आठ दिवस

एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या यशपालरावांचे हातपाय काडीसारखे, पोट मात्र शर्टाची बटणं ताणणारं. "वजन बघ की माझं! मला कसली चरबी?" हे ऐकून ऐकून त्यांच्या लेकीचे, संघप्रियाचे, कान किटले होते. ती लॅबमध्ये रक्त घ्यायची. पोटाच्या आत साठलेली चरबी वजनकाट्याला कळत नाही, रक्तात कळते, हे ती रोज परक्यांना सांगायची आणि ते ऐकायचे. माहेरी मात्र नुसती डोकेफोड. मोठे काकाही अशाच अंगाचे होते. गेल्या वर्षी छातीत कळ आली आणि बसल्या जागी गेले.

शेवटी पप्पा तयार झाले. तिनं पुढच्या रविवारची वेळ दिली आणि तिथंच फसली. एसटीत असताना समोरून येणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर हातानं खूण करायचा, पुढे चेकिंग आहे. मग पप्पा घाईघाईनं गाडीतल्या सगळ्यांची तिकिटं बघून घ्यायचे. आख्खी नोकरी अशीच गेलेली. आता आठ दिवस शेंगाचटणीवर तेल नाही, भजी नाहीत, चहात साखर नाही, सकाळी तलावाला फेऱ्या. रक्तातली चरबी, म्हणजे ट्रायग्लिसराइड, अगदी मापात आली. पप्पांनी रिपोर्ट गल्लीभर मिरवला आणि संध्याकाळी मटण आणलं.

दुसऱ्या दिवशी तीन महिन्यांच्या साखरेचा रिपोर्ट आला. ती आठ दिवसांत कशी लपणार? चांगलीच वाढलेली होती. संघप्रियाचं डोकं सणकलं.

"पप्पा, फसवलंत कुणाला? मला की मशीनला?"

"तुलाच बरं वाटावं म्हनून केलं की!"

या माणसापुढे हात टेकले, असं तिला वाटलं. तरी महिन्याभरानं ती सासरहून पहाटेच आली, पप्पांच्या चहाच्या आधी, सुई घेऊन.

"अगं, आदी सांगायचं तरी!"

"या खेपेला समोरची गाडी आली नाही, पप्पा."

कुरकुरत त्यांनी हात पुढे केला.

या वेळी ट्रायग्लिसराइड जवळजवळ दुप्पट. काय काय सुनावायचं ते घोकतच ती रिपोर्ट घेऊन आली. पप्पांनी आकडा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला.

"दादाचं बी असंच आसंल व्हय गं?"

"काकांचं रक्त कुणी तपासलंच नाही."

घोकलेलं सगळं ती विसरून गेली. पप्पांनी रिपोर्टची घडी घालून खिशात ठेवली. मग हळूच म्हणाले, "पुढच्या बारीला बी खूण करू नगंस."