आत्याच्या घरातला बिनडोक्याचा पक्षी

आत्या कुणाच्याही घरी गेली की आधी खिडकीच्या ग्रिलवरून हात फिरवायची. पाण्याचा ग्लास हातात येण्याआधीच निकाल लागलेला असायचा, "वेल्डिंगचा टाका कच्चा आहे. सुटेल थोड्या दिवसांत." यजमानांचा चेहरा पडायचा आणि आतोबा घाईघाईने हवापाण्याचा विषय काढायचे.

तिच्या वेळी आयटीआयच्या फिटरच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती. पुढे सगळी नोकरी वागळे इस्टेटमध्ये, विजेच्या पॅनेलसाठी पत्र्याच्या पेट्या बनवणाऱ्या कारखान्यात झाली. तिथे तिला फिटरबाई म्हणत. नंतर नवी पोरं मॅडम म्हणायला लागली, ते तिला रुचलं नाही. "मॅडम कुणीही होतं," ती म्हणायची.

निवृत्तीनंतर तिने डोंबिवलीच्या घराची गॅलरी ताब्यात घेतली. आतोबांची आरामखुर्ची आत आली, तिथे लाकडी बाक, लोखंड पकडायचा शेगडा आणि ते कापायचा ग्राइंडर गेला. काय बनवायचं ते मात्र ठरत नव्हतं. एकदा ठाण्यात एक जुना बंगला पाडला जाताना तिला दिसला. भंगारवाल्याच्या टेम्पोत शिशाच्या पट्ट्यांनी जोडलेल्या रंगीत काचा पडल्या होत्या. त्या जुन्या साड्यांत गुंडाळून तिने घरी आणल्या. आतोबा म्हणाले, "अगं, लोक खिडकीला काच आणतात. तू काचेला खिडकी करणार?"

तेच तिने केलं. लोखंडी पट्ट्या कापून, कोपरे घासून चौकट बनवली. वेल्डिंगपुरती एमआयडीसीतल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जायची, बाकी सगळं घरी. काच आणि लोखंड यांच्यामध्ये रबराची पट्टी हवीच, हा तिचा हट्ट. "लोखंड उन्हात फुगतं, काच तेवढी फुगत नाही. दोघांच्या मध्ये कुणीतरी नरम लागतं."

"ते मी," आतोबा पेपरामागून म्हणायचे.

काचेवर डाळिंबाची फांदी होती आणि फांदीवर एक निळा पक्षी. पक्ष्याच्या डोक्याच्या जागी गंजलेला पत्रा ठोकलेला होता. तो तिने काढून फेकला आणि तिथे साधी पारदर्शक काच बसवली. मी म्हटलं, "निळ्या काचेचं डोकं करून बसव ना." ती म्हणाली, "दुसऱ्याचं डोकं याला कशाला?" चौकट तिने आतल्या खोलीच्या खिडकीसमोर बोल्टवर लावली. सकाळी पलंगावरच्या चादरीवर डाळिंबं पडायची.

मी त्याचा फोटो चार लोकांना पाठवला. तो फिरत फिरत त्या बंगल्यात लहानाच्या मोठ्या झालेल्या बाईंपर्यंत पोचला. बाई आता कोलशेतला मुलाकडे राहतात. फोन करून, काठी टेकत त्या आल्या. आत्याने कडक इस्त्रीची साडी नेसली होती. बाई खिडकीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या.

"हे डोकं मीच फोडलं," त्या म्हणाल्या.

सातवीनंतर वडिलांनी त्यांची शाळा बंद केली, तेव्हा बाईंनी या काचेवर शाईची दौत फेकून मारली होती. वडिलांनी काच बदलली नाही. सगळ्यांच्या लक्षात राहावं म्हणून पत्रा ठोकला. लग्न होईपर्यंत बाई त्याच खिडकीच्या खोलीत बसून शिवण करत.

आत्या म्हणाली, "घेऊन जाता का? बोल्टवर आहे, आत्ता सोडवते."

"नको, इथेच राहू द्या. पत्रा काढलात ते बरं केलंत." बाईंची नजर गॅलरीकडे गेली. "हे सगळं तुम्ही स्वतः करता? त्या यंत्रावर?"

"हो."

"मी चालवून बघू?"

आतोबांनी माझ्याकडे पाहिलं. आत्याने मात्र काही विचारलं नाही. बाईंचा पदर कमरेला खोचला, त्यांना गॉगल चढवला, ग्राइंडर हातात दिला आणि त्यांच्या हातांवर आपले हात ठेवले. ठिणग्या उडाल्या तशा बाई ओरडल्या आणि मग मोठ्याने हसत सुटल्या. आत्याने कापलेली पट्टी डोळ्यांसमोर धरली. "तिरकं गेलंय. परत कापा."

त्यानंतर बाई अधूनमधून येत राहिल्या. आत्याने त्यांना वयाची सवलत कधी दिली नाही आणि त्यांनी मागितली नाही. त्यांच्या हातून एक छोटी चौकट जवळजवळ सरळ झाली, तेव्हा आत्याने फक्त "हं" केलं. बाई ते आठवडाभर सगळ्यांना सांगत होत्या.

गेल्या वर्षी आत्या दुपारची जेवून आडवी झाली ती उठलीच नाही. आतोबा मुलीकडे नाशिकला जायचं ठरवून सामान आवरायला लागले. खिडकी माझ्याकडे आली. आतोबांनी बाईंना फोन करून सगळं सांगितलं. बाईंनी विचारलं, "ग्राइंडर कुणाला देऊन तर टाकला नाहीत ना?"

आम्ही दोघं तो पिशवीत घालून कोलशेतला घेऊन गेलो. दार त्यांच्या सुनेने उघडलं. पिशवीत डोकावून ती म्हणाली, "आईंना? हे?"

आतून बाईंचा आवाज आला, "आत घे गं त्यांना. आणि गॅलरीतल्या त्या कुंड्या जरा बाजूला सरकव."