खंडेनवमीची टेप

आमच्या साहेबांनी परदेशातून दोनच गोष्टी आणल्या होत्या, एक टाय आणि दुसरा ‘सिस्टिम’ हा शब्द. चिंचवडच्या त्या कारखान्यात कॉम्प्युटर आला आणि साहेब तो स्वतः जन्माला घातल्यासारखे मिरवू लागले. आम्ही चार मुली दिवसभर स्टोअरच्या पावत्या बघून सुट्या भागांचा साठा त्यात भरायचो. मी टेंपररी होते, आणि वडील गेल्यापासून घर माझ्याच पगारावर चालायचं. धाकट्या बहिणीचं लग्न दिवाळीनंतर साताऱ्याला ठरलं होतं. माझी रजा मंजूर झाली होती.

भरलेलं सगळं एका मोठ्या चकतीवर राहायचं. ती बिघडली तर हाताशी असावी म्हणून टेपवर नक्कल काढून ठेवायची, एवढी अक्कल आम्हा मुलींनाही होती. मी म्हटलं, "साहेब, गुरुवारी वीज बंद, कारखान्याला सुट्टी. दर बुधवारी संध्याकाळी नक्कल काढत जाऊ."

"दर आठवड्याला? मशीनवर विश्वास नाही का तुमचा? पाडव्याला आणि दसऱ्याला काढा. चांगले मुहूर्त आहेत."

टेपही एकच मिळाली. बाकीच्या इंपोर्टेड म्हणून साहेबांच्या कपाटात, पैठणी जपावी तशा.

खंडेनवमीला वर्कशॉपमध्ये लेथना हार घालतात, तशी आमच्याकडेही पूजा. दसऱ्याला सुट्टी, म्हणून सकाळीच जुन्या नकलेवर नवी नक्कल काढून घेतली. मग साहेबांनी चकती बाहेर काढायला लावली, टेपही. दोन्ही पाटावर मांडल्या. चकतीवर प्लॅस्टिकचं झाकण होतं, ते साहेबांना खपेना.

"देवाला झाकून पूजा करतात का?"

"साहेब, आत धूळ गेली तर..."

"पूजेच्या वेळी अभद्र बोलू नका."

झाकण निघालं. हळदकुंकू, गुलाल, अक्षता झाल्या. नारळ फोडला आणि त्याचं पाणी साहेबांनी स्वतःच्या हाताने टेपवर शिंपडलं. इतक्या भक्तिभावाने शेण खाल्लेलं मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

सुट्टीनंतर मशीन सुरू केलं. चकती करकरली आणि बंद पडली. टेप लावली, ती चिकटून बसली. साठा गेला, नक्कलही गेली.

"मालच खराब पाठवला सप्लायरने," साहेब म्हणाले. वर मान करून म्हणाले, हे विशेष.

सगळ्या पावत्या पहिल्यापासून भरायला घेतल्या. माझी रजा रद्द झाली. "जायचं तर जा, पण परत येऊ नका," असं मला सांगण्यात आलं. मी गेले नाही. तिकडे बहिणीवर अक्षता पडत होत्या तेव्हा मी बेअरिंगांचे आकडे भरत होते आणि साहेब काचेपलीकडे पेपर वाचत होते. अजून आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते.

रोज नक्कल काढायचा हुकूम पुढे निघालाच, साहेबांच्या सहीने आणि साहेबांचीच कल्पना म्हणून.

बहिणीच्या लग्नाच्या एकाही फोटोत मी नाही. पूजेच्या फोटोत आहे. साहेबांच्या शेजारी, हातात आरतीचं ताट घेऊन.