नववा फर्मा

बाईंडिंगखान्यात तिला सगळे शीबाई म्हणत. तोंडावर ताई म्हणायचे, ती पाठमोरी झाली की शीबाई. नाव ठेवणाऱ्यांचं काही चुकलं नव्हतं. कपाच्या कडेवर माशी बसून उडाली तरी शी, जेवताना कुणी बोटं चाटली तरी शी, आणि शेजारच्या बाईने थुंकी लावून कागद सुटा केला की दोनदा शी. ती स्वतः ओल्या स्पंजवर बोट टेकवायची आणि तो स्पंज रोज संध्याकाळी साबणाने धुवायची. बाकीच्या बायका घडी दाबायला हाडाची पट्टी वापरत. हाड कुणाचं होतं ते ठाऊक नाही, म्हणून हिने प्लास्टिकची फूटपट्टी तोडून, घासून स्वतःची पट्टी केली होती. खळीचा डबा ती तोंड फिरवून एका बोटाने सरकवायची. इतकं सोवळं असलेल्या माणसाने या धंद्यात यावंच कशाला, असं मालक म्हणायचे. पण बावीस वर्षांत तिची एक घडी तिरकी गेली नव्हती, म्हणून तेवढं बोलून ते गप्प बसायचे.

ही किळस तिने माहेरून आणली होती. माहेर म्हणजे जंगलाच्या कडेचं दोन खोल्यांचं घर, आणि त्यात आई. आसपासच्या जनावरांना जंगलातलं काही ना काही ओरबाडायचं, जखम चिघळायची, तिच्यात किडे पडायचे. मग ते जनावर आईच्या ओट्यावर यायचं. आई जखमेत थोडं टर्पेंटाइन ओतायची. किडे श्वासासाठी वर आले की केसांच्या आकड्याचा चिमटा करून एकेक उचलायची आणि पत्र्याच्या वाटीत टाकायची. शेळी ओरडायची, वाटी वळवळायची, आणि आई जनावराच्या कानात काहीबाही बोलत बसायची, जसं काही मटार सोलतेय. काम संपलं की राखेने एकदा, साबणाने दोनदा हात धुवायची आणि स्वयंपाकाला लागायची.

मुलीला तो स्वयंपाक गिळवत नसे. नऊ वर्षांची असताना ती स्वतःचं जेवण स्वतः रांधायला शिकली. लोकांनी कौतुक केलं, एवढीशी पोर आईला हातभार लावते म्हणाले. तेव्हापासून मुलीने आईच्या हातचा घास खाल्ला नाही, आणि अठराव्या वर्षी ती जी शहरात आली, ती सणासुदीपुरतीच परत जाऊ लागली. जाताना डबा घेऊन जायची.

दोन वर्षांपूर्वी एक कादंबरीकार आपल्या पुस्तकाचं बाईंडिंग बघायला आला. भुताखेतांच्या कादंबऱ्या लिहायचा. पुढची कादंबरी जंगलाच्या कडेला घडणार आहे, अशा ठिकाणी महिनाभर राहायला घर मिळेल का, असं त्याने सगळ्यांना विचारलं. आत शिरल्याबरोबर त्याने खळीच्या वासाने नाक मुरडलं होतं. शीबाईला वाटलं, चला, आपल्या जातीचं एक तरी माणूस भेटलं. तिने आईचा पत्ता दिला. चहावर बसून तो तासभर विचारत राहिला आणि ती तासभर बोलत राहिली. इतकं लक्ष देऊन तिचं कुणी ऐकलं नव्हतं. काय काय बोलली ते तिचं तिलाही पुढे आठवेना. उचलली जीभ लावली टाळ्याला, दुसरं काय.

तो महिनाभर आईकडे राहिला, जेवला, तिच्या हातची औषधं प्यायला, आणि निघताना तुम्हाला पुस्तकात घालतो म्हणून सांगून गेला. आईला याचं फार अप्रूप. डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता, वाचता तर कधीच येत नव्हतं, तरी फोनवर दर खेपेला तेच. पुस्तक तुझ्याच कारखान्यात बांधणार आहेत ना, मग पहिली प्रत मला आण, शेजारची सून शिक्षिका आहे, ती ओट्यावर बसून सगळ्यांना वाचून दाखवील.

पुस्तकाचे छापील कागद गेल्या महिन्यात आले. एका मोठ्या कागदाच्या तीन घड्या घातल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो, आणि असे फर्मे क्रमाने लावून शिवले की पुस्तक. घड्या घालणाऱ्याने वाचायचं नाही, हा या कामातला पहिला धडा. वाचणाऱ्याचा हात थांबतो आणि थांबलेला हात घडी चुकवतो. शीबाईने बावीस वर्षं हा धडा पाळला. पण नवव्या फर्म्याचा एक कागद दुमडून आला होता, तो सरळ करताना तिची नजर ‘पत्र्याची वाटी’ या शब्दांवर पडली, आणि ती उभ्या उभ्या सोळा पानं वाचून गेली.

जंगलाच्या कडेला दोन खोल्यांचं घर. त्यात अळीबाई नावाची म्हातारी. ती जनावरांच्या जखमांतून किडे वेचते आणि दार लावून वाटी तोंडाला लावते. तिच्या नखांखाली अंडी असतात. पाहुण्यांना ती आग्रहाने वाढते, आणि जेवलेल्यांच्या पोटात महिन्याभरात काहीतरी हलू लागतं. सोळाव्या पानावर तीच अंडी तिला आतून पोखरतात आणि म्हातारी ओट्यावर फुटून मरते. हे सगळं त्याने मिटक्या मारत लिहिलं होतं. पू, लाळ, कशाकशाला दोन-दोन विशेषणं.

शीबाईने फर्मा खाली ठेवला आणि मोरीत जाऊन ओकली. तिला आजवर ज्याची ज्याची किळस आली, त्याला वास तरी होता. याला ताज्या शाईखेरीज वास नव्हता, आणि तरी हात धुवून धुवून जाईना. महिनाभर जिच्या घरचं खाल्लं तिच्या घरचे वासे मोजणारा हा माणूस, आणि त्याला पत्ता कुणी दिला? आपणच. हात दाखवून अवलक्षण! तिने त्याला जन्मात दिली नव्हती अशी शिवी दिली, याच्या लेखणीत किडे पडोत म्हणाली. मग तोंड पुसून ती एकाच विचाराला लागली. हे आईच्या कानावर जाता कामा नये. ओट्यावर, चारचौघांत, शेजारच्या सुनेच्या तोंडून तर मुळीच नाही.

प्रत न नेऊन चालणार नव्हतं. आईने गावभर सांगून ठेवलं होतं. नुसता फर्मा काढूनही भागत नव्हतं, कारण सोळा पानं कमी झाली की पुठ्ठ्याच्या कव्हरात पुस्तक ढिलं बसतं, कुणीही ओळखतं. पण बाईंडिंगमध्ये एक चूक अशी होते की तिला कुणी विचारत नाही. लावणारीचा हात एकाच ढिगावर दोनदा जातो, एक फर्मा दुबार लागतो, पुढचा राहतो. ज्या चुकीसाठी शीबाईने नव्या बायकांना रडवलं होतं, ती तिने आता स्वतः केली. आठवा दोनदा लावला, नववा काढला, हाताने शिवून कव्हर चढवलं. कटिंग मशीनवर तिचा नवरा होता. पुस्तकाच्या कडा कापताना त्याने पानं चाळली, बायकोकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाला, की तुझ्याकडून चूक झालेली पहिल्यांदाच बघतोय. म्हातारी नवव्यातच येऊन नवव्यातच मरत होती, त्यामुळे पुढचं वाचायची तिला गरज वाटली नाही. ते वाचण्याइतकी पोटात ताकदही नव्हती.

रविवारी ती डबा आणि पुस्तक घेऊन आईकडे गेली. शेजारची सून माहेरी गेली होती, तेवढं बरं झालं. आईने पुस्तक हातात घेतलं, कव्हरवरून बोटं फिरवली, शिवण चाचपली आणि म्हणाली की तूच वाच, म्हणजे मी गेल्यावर कुणी विचारलं तर तुला सांगता येईल. दुपारभर शीबाई ओट्यावर बसून वाचत होती. कंटाळवाणी पानं गाळत ती दुबार लागलेल्या आठव्यावर आली, तेव्हा तिने पानावर नजर ठेवून मनाचंच सांगायला सुरुवात केली. जंगलाच्या कडेला एक म्हातारी असते, हात असे की जखमी जनावर ओरडायचं थांबतं, वाघ फाडतो आणि ती शिवते, असं बरंच. बोलता बोलता तिचं तिलाच नवल वाटलं, एवढं चांगलं आपल्याला सुचतं कसं. आई डोळे मिटून हसत ऐकत होती.

पुढे कथा शहरात गेली. गोष्टीचा नायक कुणा बाईला भेटायला जातो. काम फत्ते झाल्याच्या समाधानात शीबाई आता भराभर, न बघता वाचत होती, आणि अकराव्या फर्म्यातलं वाक्य तिच्या तोंडून निघालं तेव्हाच तिच्या ध्यानात आलं.

“ती म्हणाली, आईच्या हातचा घास घेतला की मला तो जिभेवर वळवळल्यासारखा वाटायचा. देवाने मला आई देण्याऐवजी नुसतं घर दिलं असतं तरी चाललं असतं.”

शब्द जसेच्या तसे तिचे होते. चहाचा कप समोर ठेवून, त्या माणसाला बरं वाटावं म्हणून, हसत हसत बोललेले. पुस्तकातल्या सगळ्या घाणीत तिला आता हीच ओळ सर्वांत घाण वाटली, आणि ती लिहिणाऱ्याने रचलेली नव्हती.

आईने डोळे न उघडता विचारलं, “हे तुझं ना?”

नाही म्हणणं सोपं होतं. पुस्तकातलं आहे, त्याने रचलंय, एवढं म्हटलं की झालं.

“माझं,” शीबाई म्हणाली.

आईने मान हलवली. मघाशी तू म्हातारीचं वाचलंस ते त्यात नाहीच, हे मला कळलं होतं, ती म्हणाली. किडे खाते ते त्याने मला इथेच बसून वाचून दाखवलं होतं, तेव्हा मी हसले होते, कच्चे कशाला खाईन रे म्हणून विचारलंही होतं.

“ते त्याने मनाने लिहिलं. त्याचं मला काही वाटत नाही. हे मनाचं नव्हतं, एवढंच.”

“त्याच्या लेखणीत किडे पडोत,” शीबाई कशीबशी म्हणाली.

“पडू देत. येईल इकडे, काढून देईन,” आई म्हणाली, पण हसली नाही.

तेवढ्यात पलीकडची काकू शेळी घेऊन आली. मागच्या मांडीला जखम, तीन दिवसांची, आणि वास कुंपणापासून येत होता. आईने टर्पेंटाइनची बाटली आणि वाटी आणली, आकडा घेतला आणि जखमेवर वाकली. दोनदा आकडा नुसताच मांसाला लागला. शेळी किंचाळली. आई थांबली. मला दिसत नाहीये गं, असं ती काकूला म्हणाली, मुलीला नाही.

शीबाईने पुस्तक बाजूला ठेवलं. आकडा आईच्या हातून घेतला. पुढचा अर्धा तास कसा गेला ते सांगण्यात अर्थ नाही. दोनदा ती उठून कुंपणापाशी ओकून आली, शी तर इतक्या वेळा म्हणाली की काकूने मोजायचं सोडून दिलं, एक किडा मनगटावरून बाहीत शिरू लागला तेव्हा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. पण बावीस वर्षं कागदाची कड पकडणारी बोटं होती ती. एकही किडा निसटला नाही, आकडा एकदाही मांसाला लागला नाही. आई शेळीचं डोकं मांडीवर घेऊन तिच्या कानात बोलत होती. शेवटी तिने जखमेच्या कडेवरून बोट फिरवलं आणि झालं म्हणाली.

शीबाईने हात राखेने धुतले, साबणाने दोनदा धुतले, मग आणखी तीनदा. डबा उघडला, भाताचा घास उचलला आणि तोंडाजवळ नेऊन खाली ठेवला. बोटांना वास येत होता. नव्हताही, पण येत होता. पुन्हा उठून धुतले, पुन्हा बसली, पुन्हा तेच. सकाळपासून पोटात काही नव्हतं आणि होतं ते कुंपणापाशी गेलं होतं.

आई समोर बसून ऐकत होती. न दिसताही तिला सगळं कळत असावं. उठून तिने आपले हात धुतले, एकदा राखेने, दोनदा साबणाने, डबा चाचपत ओढून घेतला आणि घास कालवून अंदाजाने पुढे धरला. हात मुलीच्या तोंडापासून वीतभर बाजूला होता.

शीबाईने मान तिकडे नेली आणि तोंड उघडलं.