अडीच फुटांचा फरक

मी हे सदर बऱ्याच दिवसांपासून वाचतोय आणि खरं सांगायचं तर बहुतेक अनुभव वाचून हसलोय. घाटात पांढरी साडी, मागच्या सीटवर कोणीतरी बसलेलं... माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता, आजही नाही. मी एका कारखान्यात स्टोअर्स सांभाळतो. एक बोल्ट कमी भरला तर तो भुतानं नेला असं मला रजिस्टरला लिहिता येत नाही. तरीही लिहायला बसलोय, कारण राग जात नाहीये. भीती वाटली म्हणून लिहितोय असं कोणी समजू नये.

जागा सांगतो. छत्रपती संभाजीनगर – तेव्हा सगळे औरंगाबादच म्हणायचो. बीड बायपासच्या पलीकडे आमची सोसायटी, तीन इमारती, अठ्ठेचाळीस फ्लॅट. राहायला आलो तेव्हा आजूबाजूला ज्वारी होती. दहा वर्षांत इतक्या स्कीम उभ्या राहिल्या की गॅलरीतून दिसणारा डोंगर दिसेनासा झाला. शेताची जुनी विहीर मात्र आमच्या आवारातच राहिली होती. दगडी बांधकाम, खोली बावन्न फूट. सलग दुसरं दुष्काळाचं वर्ष चालू होतं. महापालिकेची लाईन आमच्यापर्यंत आलेली नव्हती. विहिरीचं पाणी सकाळी अर्धा तास सोडायचो, बाकी सगळा टँकरचा भरवसा.

ही विहीर रोज मोजायचे बी विंगमधले गायकवाड काका. पाणी मोजणाऱ्या सरकारी खात्यातून निवृत्त झालेले. सकाळी सहा दहाला ते विहिरीवर हजर. टेपच्या टोकाला शिशाचं वजन, खालच्या भागाला खडू घासलेला. टेप खाली सोडायचा, वर ओढायचा, खडू कुठपर्यंत भिजलाय ते बघून आकडा काढायचा. आणि मोजायचं ते विहिरीच्या काठाच्या एकाच दगडावरून – उत्तरेकडच्या. त्याला त्यांनी छिन्नीनं खाच पाडून लाल रंग दिला होता. वहीत तारीख, आकडा आणि पुढं दोन शब्द : 'उ. दगड'.

मी सोसायटीचा सेक्रेटरी. एकदा त्यांना म्हणालो, "काका, आकडा लिहिता ते ठीक. पण हे उत्तर दगड, उत्तर दगड रोज कशाला?"

"सेक्रेटरी, नुसत्या आकड्याला काय अर्थ हाय? कुठून मोजलं ते लिवायला नको?"

"रोज तिथूनच तर मोजता."

"मी मोजतो हो. माझ्या मागं कोण मोजल अन् कुठून मोजल, त्याचा काय नेम?"

मी हसलो होतो. सोसायटीत सगळेच हसायचे. आमचे अध्यक्ष जाधवसाहेब तर त्यांना 'विहिरीचे डॉक्टर' म्हणायचे, तेही तोंडावर.

जानेवारीत काका गेले. त्यांची मुलगी घर आवरायला आली आणि नऊ वह्या ऑफिसात ठेवून गेली. म्हणाली, "बाबांनी सांगून ठेवलं होतं, सोसायटीला द्या म्हणून." महिन्याभरात ऑफिसची सफाई निघाली आणि जाधवसाहेबांनी त्या वह्या जुन्या पेपरांबरोबर रद्दीत दिल्या. मी समोर उभा होतो. गप्प बसलो. हे इथं स्पष्ट लिहितो, कारण पुढं मी इतरांवर तोंड सोडणार आहे.

मोजायचं काम मी घेतलं. स्टीलचा टेप विकत आणला, आठवड्यातून पाच-सहा दिवस आकडा डायरीत लिहू लागलो. तीन आठवड्यांत पाणी ३७.५ फुटांवरून ३८ वर गेलं. मग मुलांच्या सुरक्षिततेसाठी म्हणून कमिटीनं विहिरीचा कठडा वाढवला, वर लोखंडी जाळी बसवली. त्यानंतरचा माझा पहिला आकडा होता ४०.५. मी हादरलो. त्याच आठवड्यात शेजारच्या प्लॉटवर बोअरची गाडी येऊन धडधडत होती. सगळा दोष मी त्या बोअरला दिला. मार्च संपता संपता आकडा ४१.५ झाला. जाधवसाहेबांनी रिपोर्ट मागितला, मी दिला. 'पातळी अत्यंत वेगाने खालावत असून मे महिन्यात विहीर कोरडी पडण्याची शक्यता आहे.' खाली माझी सही.

आठ दिवसांत जाधवसाहेबांचा प्रस्ताव बोर्डावर लागला : विहीर बुजवून वर स्लॅब टाकायचा, चौदा गाड्यांचं पार्किंग करायचं. पुढच्या रविवारी मीटिंग.

मीटिंगमध्ये आकडे नीट मांडावेत म्हणून आदल्या रविवारी मी घरच्या कॉम्प्युटरवर डेटाबेस बसवायला घेतला. कंपनीत स्टोअर्स कॉम्प्युटरवर गेलं तेव्हा शनिवारचा एक कोर्स केला होता, त्यामुळं थोडंफार येत होतं. हार्ड डिस्क कोरी करकरीत, त्याच आठवड्यात बसवलेली. आधी सर्व्हर इन्स्टॉल केला, मग क्वेरी, म्हणजे नोंदी टाकायच्या-काढायच्या आज्ञा, लिहायचं टूल. कनेक्शन होईना. पोर्ट, म्हणजे जोडणीचा नंबर, दुसऱ्याच प्रोग्रॅमनं धरून ठेवला होता, तो बदलला. तरी होईना, तर सर्व्हिसच सुरू नव्हती. ती सुरू केली, पासवर्ड टाकला, आणि अकराच्या सुमारास एकदाचं जोडलं गेलं. दोन टेबलं बनवली, एक टँकरचं, एक विहिरीचं. विहिरीच्या टेबलात तीनच रकाने : तारीख, खोली, शेरा.

बायको चहा घेऊन आली. "विहीर बुजवणार आहेत ना? मग तिचं टेबल कशाला?"

"रेकॉर्ड नको?"

"मेलेल्याचं रेशनकार्ड," ती म्हणाली आणि तिथंच बसली.

आधी टेबल तपासलं – नोंदी शून्य. मग डायरीतल्या चाळीस नोंदी घातल्या. शेरा कोरा ठेवला. यादी काढून पाहिली. पहिल्या सतरा नोंदी बरोबर. अठरावीपासून प्रत्येक आकडा अडीच फुटांनी कमी. मी ४०.५ टाकले होते, तिथं ३८. मी ४१.५ टाकले होते, तिथं ३९. आणि त्या तेवीसच्या तेवीस ओळींच्या शेऱ्यात, जिथं मी काहीच लिहिलं नव्हतं – उ. दगड.

पहिल्यांदा मला रागच आला. वाटलं, आपणच काहीतरी घोळ घातलाय. सगळं पुसलं. बायको डायरीतून एकेक आकडा वाचत गेली, मी टाकत गेलो. यादी काढली. पुन्हा तेच. टेबलावर आपोआप चालणारं काही लावलं गेलंय का, शेऱ्याला आधीपासून काही मजकूर दिलाय का, हे सगळं उघडून पाहिलं. काही नव्हतं. मग सर्व्हर आणि टूल दोन्ही काढून टाकलं, फोल्डर पुसले, इंटरनेटची वायर उपसली आणि पहिल्यापासून सगळं इन्स्टॉल केलं. नवीन पोर्ट, नवीन पासवर्ड. चाळीस नोंदी. सतरा बरोबर, तेवीस अडीच फूट कमी, उ. दगड. टँकरच्या टेबलात मात्र एका अक्षराचा फरक नाही.

दुपारचे साडेतीन वाजले होते, जेवण राहिलं होतं. मी बायकोला म्हणालो, "खाली जा, माझ्या टेपनं विहीर मोज आणि आकडा आणून सांग. मी बघत नाही."

दहा मिनिटांनी ती आली. "त्रेचाळीस."

मी ४३ टाकले. यादी काढली. ४३ चे ४३ राहिले. शेरा कोरा.

"हा नाही बदलला," मी म्हणालो. "नीट मोजलंस ना?"

तिनं डायरी मिटली. मग म्हणाली, "मी गेलेच नव्हते. या उन्हात कोण उतरणार तीन जिने? गॅलरीत उभी राहिले आणि अंदाजे सांगितलं."

ती खोटं बोलली हे मला माहीत नव्हतं, आणि समोरच्या त्या यंत्राला... जाऊ दे. मी उठलो आणि ड्रॉवरमधून टेप काढला.

दोघंही खाली गेलो. ती टेप धरून, मी टॉर्च घेऊन. मोजलं तर ४१.५. मग जाळीतून टॉर्च आत मारला. नवीन बांधकामाच्या तीन थरांखाली, उत्तरेच्या बाजूला, काकांची लाल खाच तशीच होती. जुन्या काठावरच ब्लॉक चढवले होते. मी नव्या कठड्याच्या माथ्यापासून खाचेपर्यंत टेप लावला. तीस इंच. एक सूतही इकडं तिकडं नाही.

"म्हणजे," बायको म्हणाली, "इतके दिवस तुम्ही कठडा मोजत होतात."

वर येऊन ४१.५ टाकले. यादीत ३९ दिसले. उ. दगड.

पाणी पळालं नव्हतं. दोन महिन्यांत दीड फूट उतरलं होतं, ऐन दुष्काळात, शेजारी बोअर मारलेलं असताना. बावन्न फुटांच्या विहिरीत अजून तेरा फूट पाणी होतं. मे तर सोडाच, जूनही निघाला असता. आणि ती मरणार असं सही करून लिहून देणारा मी – ज्याच्या स्टोअर्समध्ये ऑडिटला कधी एक खिळा कमी भरला नाही!

संध्याकाळी जाधवसाहेबांकडे गेलो. कॉम्प्युटरचं काही बोललो नाही. एवढंच म्हणालो की कठड्यामुळं माझी मोजणी चुकली.

"सेक्रेटरी, रिपोर्टवर सही कोणाची?"

"माझीच."

"मग? आज म्हणता फूट चुकले, उद्या म्हणाल विहीरच चुकली."

"साहेब, चला खाली. दोन मिनिटांत दाखवतो."

"ते रविवारी दाखवा सगळ्यांना." ते हसले. "गायकवाडांची गादी चालवायला घेतली वाटतं!"

रविवारी चव्वेचाळीस जण आले. मी उभा राहिलो आणि सांगितलं की कठड्यामुळं माझे आकडे अडीच फुटांनी चुकलेत, रिपोर्ट मी मागं घेतो. सगळ्यांना विहिरीवर नेलं. जाळीतून हात घालून टेप लाल खाचेला धरला, वजन खाली सोडलं. टप्प आवाज सगळ्यांनी ऐकला. टेप वर ओढून भिजलेला खडू दाखवला. तेरा फूट पाणी आहे, म्हणालो.

मागून एक जण म्हणाला, "अडीच फुटांत काय स्कूटी तरी मावते का हो?" हशा झाला.

ए विंगमधल्या एक बाई, एरवी शांत, त्या म्हणाल्या, "भाऊ, तुमचं खरं असेल. पण पाणी टँकरनं येतं. पार्किंग टँकरनं येत नाही."

यावर कोणी हसलं नाही. माना डोलावल्या. तेव्हा मला कळलं की माझा रिपोर्ट कोणाला पटला म्हणून कोणी हो म्हणालं नव्हतं. त्यांना गाड्या लावायला जागा हवी होती आणि मी निमित्त पुरवलं होतं. मतदान झालं. बुजवा म्हणणारे सत्तावीस, नको म्हणणारे सतरा. चौथ्या दिवशी मुरमाचे डंपर आले. पहिला डंपर उलटला तेव्हा आतून पाण्याचा जो आवाज आला तो कोरड्या विहिरीचा नव्हता. जाधवसाहेब फोनवर बोलत उभे होते. त्या माणसाशी मी तेव्हापासून बोललेलो नाही.

त्या संध्याकाळी काकांच्या मुलीला फोन केला. म्हणालो, काका बरोबर होते, आमचंच चुकलं.

"हो का," ती म्हणाली. "मग बाबांच्या वह्या काढून दाखवायच्या ना त्यांना."

रद्दीत गेल्या, असं मी सांगितलं. तिनं फोन ठेवला.

कॉम्प्युटर मी बंद केला, वायर काढून ठेवली. अडीच महिने हात लावला नाही. पावसाळा सुरू झाल्यावर टँकरच्या नोंदी काढायला उघडला. विहिरीच्या टेबलात माझी शेवटची नोंद होती मीटिंगच्या दिवशीची. तिच्याखाली ओळी होत्या. दर दिवसाची एक, एकही खाडा नाही. मेअखेरपर्यंत आकडा हळूहळू वाढत ४२.५ झालेला. जूनच्या पहिल्या पावसानंतर कमी होऊ लागलेला. प्रत्येकापुढं उ. दगड.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. कॉम्प्युटर बदलला, टेबल नव्या मशीनवर नेलं, ओळी थांबल्या नाहीत. कंपनीतल्या आयटीवाल्याला दाखवलं. तो दोन तास बसला आणि म्हणाला, "साहेब, तुम्हीच टाकत असाल, लक्षात राहत नसेल." ज्यांना व्हायरस म्हणायचंय त्यांनी म्हणावं, पण आधी मला सांगावं की व्हायरसला बायकोचा अंदाज आणि खरी मोजणी यातला फरक कसा कळला. माझ्याकडं याचं स्पष्टीकरण नाही. शोधून थकलोय.

आणि खरी चीड कशाची येते ते सांगतो. मी आकड्यांचा माणूस. कोणी आकडा दिला की तो तपासायचा, एवढंच मला येतं. हे आकडे बरोबर आहेत की नाहीत हे तपासायला मला टेप सोडायची जागाच उरलेली नाही. उत्तरेचा दगड स्लॅबखाली आहे आणि त्यावर जाधवसाहेबांची गाडी उभी असते.

यंदाही पाऊस कमी झाला. आज सकाळची नोंद : ३६.५, उ. दगड. म्हणजे गाडीच्या चाकांखाली साडेपंधरा फूट पाणी. हे लिहितोय आणि गेटवर टँकरवाला हॉर्न वाजवतोय. वॉचमन खालून ओरडतोय, सेक्रेटरी साहेब, पावतीवर सही करायला या.