दुपट्ट्याखालचं गजकर्ण

मला जेवणाचं विचारायचं तर बायको स्वयंपाकघरातूनच ओरडते. मांजरीला मात्र ती खाली बसून, हनुवटीखाली बोट फिरवत विचारते. मोहगावच्या माहेराहून तिनं हे पिल्लू पिशवीत घालून आणलं, तेव्हापासून हे असंच चाललं आहे.

मी बैलबाजारातला दलाल. दुसऱ्यांचे बैल हाकता हाकता इथवर आलो. अडेल गिऱ्हाईक वळवणं हाच माझा धंदा. मांजर वळवायला किती वेळ लागणार? बायको भजनाला गेली की मी बोटावर साय घेऊन मांजरीला बोलवायचो. आठ दिवसांत ती माझ्या मांडीवर झोपू लागली. फाटक वाजलं की मी तिला ढकलून द्यायचो आणि ओरडायचो, "हिले उचल वं! केसं सांडवून राहिली!"

मग मनगटावर लाल कडं उठलं. खाजायचं, पण मी लक्ष दिलं नाही.

आमच्या बाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. दुपट्ट्याखाली हात हातात घेऊन बोटं दाबतात, म्हणजे भोवतालच्यांना कळत नाही. सौसरच्या बाजारात बोरगावच्या एका शेतकऱ्याचा हात मी असाच धरला. त्याच्या बोटांना खरखरीत चट्टा लागला असावा; त्यानं झटक्यात हात काढून घेतला आणि दुपट्टाच वर केला.

"काहो दलाल, गजकर्ण वाटून राहिले का? तोंडानं सांगा भाव!"

लोक खो खो हसले. ती जोडी दुसऱ्याच दलालानं विकून दिली. इतक्या वर्षांत माझा हात कोणी सोडला नव्हता.

डॉक्टरनं मनगट पाहून पहिलाच प्रश्न विचारला, "घरी मांजर आहे?" मांजरीच्या अंगावरून हे माणसाला होतं म्हणाला. खरं सांगतो, मला आनंदच झाला.

"आजच्या आज हिले मोहगावले सोडून ये," घरी येताच मी म्हणालो. "हिच्यापासूनच आलं हे."

बायकोनं मांजरीचा कान उलटवला. मागे केस गेलेला एक चट्टा होता. मग तिनं स्वतःचे हात पाहिले. स्वच्छ.

"तुम्ही तं हिले हातही नाही लावत म्हणता. मंग हे मनगटावर कसं आलं?"

मी बाही मनगटावर ओढली.

"म्हणूनच साय कमी भरे," ती म्हणाली. "मले वाटे, तुम्हीच खाता."

मांजर घरातच राहिली. जनावरांच्या डॉक्टरनं तिलाही औषध दिलं. आमच्या चादरी, तिचं पोतं, सगळं उकळत्या पाण्यात गेलं. रोज संध्याकाळी बायको आधी मांजरीच्या कानामागे मलम लावते, मग साबणानं हात धुऊन माझ्या मनगटाला.

"आधी मले लाव ना."

"तुम्हाले बोलता येते. तिले येते का?"

काल मनगट उजेडात धरून ती म्हणाली, "गेलं की हे. जा आता बाजारात."

मी हात मागे घेतला नाही. "आतून खाजून राहिलं अजून," म्हणालो.

मांजरीचं मलम अजून सुरू आहे.