कुजबुजचाचांचा आंतरिक संघर्ष

आमच्या नाट्यगृहात कुजबुजचाचा तीस वर्षं प्रॉम्प्टर आहेत. नट वाक्य विसरला की विंगेतून पुढचं पुरवायचं, एवढंच काम. पण ताठा असा, की लेखकाचा एक शब्द इकडचा तिकडे करणार नाहीत. एक नामवंत नट हळूच "जरा सोपं करून द्या" म्हणाला, तर त्याला भर प्रयोगात तसाच उभा ठेवला.

अशा माणसाच्या मागे एक संशोधक लागले. विषय : इस्लाम आणि प्रयोगकला. पाच वर्षांची शिष्यवृत्ती, हातात रेकॉर्डर आणि उत्तरं घरूनच आणलेली.

"मध्यंतरात नमाजला जाता. मनात संघर्ष होतो?"

"होतो की. मध्यंतर दहा मिनिटांचं. नमाज सोडत नाही, मग चहा सुटतो."

साहेबांनी वहीत लिहिलं : तीव्र संघर्ष.

"घरी ठाऊक आहे?"

"बायकोलाच विचारा ना. मागच्या गल्लीत तर घर आहे."

मागच्या गल्लीत जायला साहेबांना पाच वर्षांत सवड झाली नाही. परिषदा का थोड्या असतात!

प्रबंध झाला. त्यावरचं भाषण आमच्याच रंगमंचावर ठरलं, सकाळी अकराला. साहेबांना कागद न बघता बोलायची हौस आणि पाठांतराच्या नावाने बोंब. म्हणून ऐनवेळी भाषणाची प्रत हातात देऊन चाचांनाच विंगेत बसवलं. आपल्यावर कुणी लिहिलंय या कौतुकात चाचांनी बायकोला आणि मशिदीच्या मौलवींना तिसऱ्या रांगेत आणून बसवलेलं.

मी माइक लावून विंगेतच थांबलो होतो. चौथ्या पानावर चाचांचा चेहरा उतरला. मी वाकून वाचलं आणि माझं डोकंच फिरलं.

"फाडा ते पान, चाचा!"

"गप. प्रयोग चालू आहे."

नेमके तिथेच साहेब अडले. "आणि हा प्रॉम्प्टर..." नजर विंगेकडे. चाचांनी विंगेतून बाहेर पाहिलं. समोर बायको, मौलवी, अर्धी गल्ली. हातात लेखकाचा शब्द. साहेबांनी पुन्हा मान वळवली.

चाचांनी चष्मा नीट केला आणि होतं तसं वाचलं. फक्त कुजबुजले नाहीत. शेवटच्या रांगेलाही ऐकू गेलं : "हा प्रॉम्प्टर आपली कला पत्नीपासून व धर्मगुरूंपासून लपवतो. आतून तो मोडलेला आहे."

साहेबांनी आज्ञाधारकपणे तेच म्हटलं.

चाची उठल्याच. "लपवतात? अहो दादा, रोज जेवताना एक अंक ऐकवतात! जेवण गार होतं माझं! नायिकेचं काम तोंडपाठ आहे, म्हणून दाखवू?"

मौलवी बसल्या जागेवरून म्हणाले, "आणि मला मागच्या महिन्यात पास दिला तो खांबामागचा. तेवढं दुःख लिहा."

सभागृह हसून लोळलं. साहेब घामाघूम, विंगेकडे हात करून पुढचं वाक्य मागतायत.

चाचांनी पान उलटलं. लेखकाचा शब्द तो शब्द.

"कंसात लिहिलंय," ते म्हणाले, "टाळ्यांसाठी थांबणे."