पंधरा तारखेचा निरोप

आमच्या शेजारचे सुतेझो आजोबा फोनवर 'हं'पलीकडे बोलत नसत. जपानात भूकंप झाला की घरच्यांसाठी निरोप ठेवायचा एक नंबर असतो; त्यावर दर महिन्याच्या एक आणि पंधरा तारखेला सराव करता येतो. तो त्यांची बायको तामाए करायची. ती वारल्यावर ओसाकाच्या मुलीनं बजावलं, "बाबा, आता तुम्ही बोला. नाहीतर तुम्ही जिवंत आहात हे मला कळणार कसं?"

"मेलो तर शेजारी कळवतील."

"बाबा!"

पंधराला त्यांनी माझ्यादेखत नंबर लावला. तीस सेकंद मिळतात. बराच वेळ खाकरून ते म्हणाले, "मिसो सूप केलं. खारट झालं."

तासाभरात तो निरोप ऐकून मुलीचा फोन आला. "एका वाटीला एकच चमचा मिसो घाला, बाबा."

"आणि मुळा?" आजोबांनी विचारलं. "तो आधी घालायचा की नंतर?"